ब्रेक कुठे मारला

कोणी सवलत देऊ लागलं की मी आधी माझा खिसा चाचपतो. सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात टपालाच्या टेबलापासून अधीक्षकाच्या खुर्चीपर्यंत घासलेल्या माणसाला ही सवय लागतेच. अर्जदार फार गोड बोलायला लागला की कागदपत्रांत काहीतरी कमी आहे हे आम्ही ओळखायचो. म्हणून मुलाने गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करताना सांगितलं, की ह्या वेळी हप्ता कमी पडेल, फक्त गाडीत एक छोटी डबी लावायची आहे, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, डबीत काय आहे.

डबी काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, मेकॅनिक तिथे मशीन लावून गाडीचं दुखणं शोधतो, तिथेच ती बसते. गाडी किती चालली, किती वेगात चालली, ब्रेक किती जोरात लागला, वळण कसं घेतलं, हे सगळं ती टिपते आणि कंपनीला कळवते. कंपनी दर आठवड्याला गुण देते. गुण चांगले असले तर पुढच्या वर्षी हप्ता कमी. मुलगा हे सगळं उत्साहाने सांगत होता. मी म्हटलं, म्हणजे आपणच पैसे देऊन आपल्यावर गोपनीय अहवाल लिहून घ्यायचा. नोकरीभर साहेबांनी माझा अहवाल लिहिला, आता निवृत्तीनंतर हे काम डबीकडे गेलं.

त्याने हसून सोडून दिलं. मी सोडलं नाही. करंजाड्यात आमच्या सोसायटीखाली झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे जाऊन मी विम्याच्या अटी छापून आणल्या आणि पेन्सिल घेऊन दोन दुपारी वाचल्या. 'आवश्यकतेनुसार संबंधित पक्षांना' ही माहिती देता येईल असं एका कलमात होतं. संबंधित म्हणजे कोण, हे शेवटपर्यंत कुठेच नव्हतं. मी स्वतः अशी वाक्यं आयुष्यभर लिहिली आहेत. ती कशासाठी लिहितात ते मला कोणी शिकवायला नको.

मात्र पुढच्याच पानावर एक पळवाट होती. गाडी कुठे गेली ही माहिती द्यायची नसेल तर ॲपमध्ये लोकेशन बंद ठेवता येत होतं. मग कंपनीला फक्त अंतर, वेग आणि ब्रेक कळणार, जागा कळणार नाही. मी त्याच संध्याकाळी मुलाकडून ते बंद करून घेतलं.

ह्याला कारण माझी मोठी बहीण. आम्ही तिला बाय म्हणतो. द्रोणागिरीच्या कडेला आमचं जुनं गाव आहे, जमिनी वसाहतीत गेल्या, घरं राहिली. बाय तिथेच राहते. तिने तीस-पस्तीस वर्षं उरणच्या बाजारात मासळी विकली. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि चार वर्षांपूर्वी दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार पनवेलच्या हॉस्पिटलात डायलिसिस. ती त्याला 'सुई' म्हणते. सुरुवातीला तिला रिक्षाने पाठवून बघितलं, अँब्युलन्स सांगून बघितली. महिन्याभरात तिने जाहीर केलं, "माजा भाऊस न्हेल त जाईन. नाय त नाय." ती जे बोलते ते करते. मधे एकदा मला ताप आला होता तेव्हा ती खरंच गेली नाही, अंग सुजून भोपळा झालं, आणि तिसऱ्या दिवशी मी तापातच गाडी काढली. म्हणजे माझी गाडी बंद तर बायची सुई बंद, आणि सुई बंद म्हणजे काय हे डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं.

आता विचार करा, आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास गाडी हॉस्पिटलाच्या दारात उभी आहे हे कंपनीला नकाशावर दिसलं तर ती काय समजेल? गाडीचा मालक किडनीचा पेशंट आहे असंच समजेल. आज गाडीच्या विम्याला कळलं की उद्या आरोग्यविम्याला कळणार. बायच्या आजारपणाची माझ्या नावावर नोंद होणार आणि ती खोडायला मी कोणाच्या टेबलाशी जाणार? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी तर आयुष्यभर दूधच हाताळलं होतं.

माझा दिवस असा असायचा. पहाटे सहाला करंजाड्याहून एकट्याने निघायचं, बंदराच्या रस्त्याने गावी जायचं. बायला घेऊन पनवेल. तिथे चार तास बाहेर पेपर वाचत बसायचं. दुपारी तिला गावी सोडायचं आणि परत एकट्याने घरी. पनवेलला जाताना बायची टकळी सुरू असायची. बाजारात ओरडून ओरडून कमावलेला तिचा आवाज, तो काही डायलिसिसने बसला नाही. जे दिसेल ते बोलायचं. तो ट्रेलर बग कसा उभा केलाय, ती बाई बग रस्त्याच्या मधून चाललीय, हा बंप नवीन केलेला दिसतोय. मला कधी कधी वैताग यायचा, पण मी ऐकून घ्यायचो. मला वाटायचं, सुईची भीती घालवायला बोलत असेल. परतताना मात्र ती पिळून काढल्यासारखी होऊन सीटबेल्टच्या पट्ट्यावर मान टाकून झोपायची, ती गाव येईपर्यंत.

पहिल्या महिन्याचे गुण आले आणि मी काठावर पास होतो. दुसऱ्या महिन्यात त्याहून कमी. कारण एकच, 'जोरात ब्रेक'. एका आठवड्यात नऊ वेळा. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, एकदाही कोणाला साधा ओरखडा काढला नाही, आणि ही डबी मला नऊ वेळा लाल शेरा मारते. कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं. सवलत जाहीर करायची आणि द्यायची वेळ आली की गुण कापायचे, हा धंदा जुनाच आहे.

त्यात मुलाचं वागणं मला खटकू लागलं. ॲप माझ्या फोनवर होतं, पण खातं त्याच्या नंबरावर. म्हणजे मला दिसायचं ते सगळं त्यालाही दिसायचं. पूर्वी कधी गाडीकडे ढुंकून न बघणारा हा मुलगा रविवारी गाडी धुवायला लागला. धुताना पुढचा बंपर हाताने चाचपून बघायचा. एकदा जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आत्याला न्यायला मी आलो तर चालेल का कधी?" मी म्हटलं, तुला ऑफिस नाही का. सुनेची बदली त्याच सुमाराला ऐरोलीला झाली होती आणि तिला जायला-यायला त्रास होत होता. मी दोन आणि दोन चार केले. डबी विम्यासाठी नव्हतीच, ती मला गाडीवरून उतरवण्यासाठी होती. आधी म्हाताऱ्याचे गुण कमी दाखवायचे, मग काळजीच्या नावाखाली चावी मागायची. चावी मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायला लागलो.

मग एका शुक्रवारी मला उलगडा झाला. आमच्या गावाच्या वेशीवर देवीचं छोटं देऊळ आहे. गावचा कोणीही माणूस तिथून जाताना गाडी हळू करतो, एकदा हॉर्न देतो आणि हात छातीला लावतो. बैलगाडी होती तेव्हाही लोक तिथे कासरा ओढायचे. ज्याला घाई असते तोही करतो, मुंबईला नोकरी करणारा करतो, देव न मानणारासुद्धा करतो आणि वर म्हणतो की सवय आहे. मी तर दिवसातून चार वेळा तिथून जायचो. त्या दिवशी ब्रेकवर पाय ठेवताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आठवड्याला बारा वेळा मी इथे ब्रेक लावत होतो, त्यातलेच नऊ डबीने धरले असणार. मशीनला देवी कुठून माहीत असणार? त्याने नमस्काराला जोरात ब्रेक म्हणून लिहिलं.

मला इतका आनंद झाला की गाडी बाजूला लावून मी तिथूनच कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन केला. एक मुलगी बोलली, मराठी बोलणारी, आवाजावरून माझ्या सुनेच्या वयाची. मी तिला कार्यालयीन भाषेत सगळं समजावलं. सदर ठिकाणी चालकाने श्रद्धेपोटी वेग कमी केला असता त्यास दोष देण्यात येऊ नये, असंही म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही लोकेशन बंद ठेवलंय ना," ती म्हणाली, "म्हणून सिस्टीमला कळत नाही ब्रेक कुठे मारला. मंदिराजवळ मारला की गाडी समोर आली म्हणून मारला, तिला सगळं सारखंच. जागा कळली तर ती बरोबर गुण देईल. नाही कळली तर अंदाजाने देते."

मी विचारलं, म्हणजे मी निर्दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी माझं घर, माझं गाव, माझी जाण्यायेण्याची ठिकाणं मीच तुम्हाला लिहून द्यायची?

"द्यायलाच पाहिजे असं नाही, सर. पण मग गुण असेच येणार."

ती उद्धट नव्हती, हेच जास्त झोंबलं. आमच्या कार्यालयातही आम्ही हेच करायचो. माणसाला सांगायचो, अर्ज करा किंवा करू नका, तुमची मर्जी, पण जोडपत्र नसेल तर काम होणार नाही. आता मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो. तिने मार्ग सुचवला. पंधरा दिवस लोकेशन चालू ठेवा, प्रत्येक ब्रेक नकाशावर लाल ठिपक्याने दिसेल, देवळाजवळच्या ठिपक्यांची तक्रार नोंदवा. मी दोन दिवस धुसफुसलो आणि शेवटी चालू केलं. बायला हॉस्पिटलाच्या दारात उतरवून गाडी तिथे न लावता अर्धा किलोमीटर अलीकडे, एका शाळेच्या भिंतीशी लावू लागलो. बाय मला म्हणाली, काय रे, पार्किंग म्हाग झालं काय.

पंधरा दिवसांनी मी नकाशा उघडला तो देवीचे ठिपके मोजायला. देवळाजवळ एकही ठिपका नव्हता. चाळीस वर्षांच्या सवयीने पाय तिथे आपोआप आणि अलगद पडत होता, डबीला त्याचा पत्ताही लागला नव्हता. ठिपके दुसरीकडे होते. बंदराच्या रस्त्यावर, जिथे ट्रेलर उभे असतात तिथे. करंजाड्याच्या चौकात. गावातल्या शाळेपाशी.

माझा पहिला विचार अर्थातच डबी खोटी आहे हा होता. खोटेपणा पकडायचा तर तक्ता करावा लागतो. मी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखले. करंजाडे ते गाव, एकटा. गाव ते पनवेल, बायसोबत. पनवेल ते गाव, बायसोबत. गाव ते करंजाडे, एकटा. प्रत्येक ठिपका वेळ बघून त्या त्या रकान्यात टाकत गेलो. तीन रकाने भरले. दुसरा रकाना कोरा राहिला. सकाळी बायला घेऊन पनवेलला जाताना पंधरा दिवसांत एकदाही जोरात ब्रेक लागला नव्हता.

बाय बाजूला असली की मी जपून चालवतो, असा शेरा मी मनात लिहिला. पण परतताना तिसऱ्या रकान्यातही बाय बाजूलाच होती. तोच रस्ता, तीच गाडी, तोच चालक, आणि भर दुपारचं लख्ख ऊन. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात फरक फक्त एक होता. जाताना बाय जागी असायची आणि येताना झोपलेली.

मग एकेक वाक्य आठवायला लागलं. तो ट्रेलर बग कसा उभा केलाय, दिवा पन नाय लावला. ती बाई बग मधून चाललीय. बंप आला. सिग्नल लाल हाय काय रे, मना दिसत नाय. तिला दिसत होतं. तिचे डोळे गरुडासारखे आहेत, पापलेट शिळं आहे हे ती टोपलीच्या वरूनच सांगते.

खाली पार्किंगमध्ये गेलो. आमच्या गाडीसमोर, दोन गाड्यांचं अंतर सोडून उभा राहिलो. डावा डोळा झाकला. नंबरप्लेट पांढरी दिसली, त्यावर काही लिहिलंय एवढं कळलं. तो नंबर मला पाठ होता म्हणून आजवर मी तो वाचतोय असं समजत होतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी लायसन्सचं नूतनीकरण केलं तेव्हा डॉक्टरचा दाखला लागला. ओळखीचा डॉक्टर होता. मी फॉर्म पुढे सरकवला, त्याने सही केली, आम्ही चहा प्यायलो. डोळ्यांचा तक्ता भिंतीवरच होता आणि माझी त्याच्याकडे पाठ होती. कोणता कागद कुठे तपासला जात नाही, हे मला नोकरीमुळे नेमकं ठाऊक होतं. जगात सगळ्यांवर संशय घेतला, तेवढी ती सही माझ्या संशयातून सुटली. सुटली कसली, मीच सोडली. मला मोतीबिंदू असेल हे मला त्या दिवशीही वाटलं होतं.

तरीही एक सांगतो, माझा डोळा अधू निघाला, म्हणून कंपनीबद्दलचा माझा संशय खोटा ठरत नाही. बायच्या सुईशी कंपनीचा काही संबंध नाही हे मी आजही म्हणतो. पण त्या वेळी लोकेशन बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नर्सरीतून रोप आणतो असं घरात सांगितलं आणि गावी गेलो. होय, गाडीनेच गेलो, आणि जन्मात कधी चालवली नाही इतकी हळू चालवली. मागून हॉर्न वाजत होते. बाय ओटीवर बसली होती, तोंडात बर्फाचा खडा. तिला पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून तहान लागली की ती बर्फ चघळते. गावात पाऊल टाकलं की माझीही जीभ बदलते.

"बाय, तुला कवापासून ठाव व्हतं?"

"काय?"

"मना दिसत नाय ते."

तिने खडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "शिमग्यापासून," ती म्हणाली. त्या दिवशी मी बंदराच्या रस्त्यावर उभ्या ट्रेलरवर सरळ चाललो होतो. तिला वाटलं मी आता थांबेन, मग थांबेन. शेवटी ती म्हणाली, केवढा मोठा ट्रेलर हाय बग, आणि तेव्हा कुठे मी ब्रेक मारला. त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

"मंग सांगितलं का नाय मना?"

"सांगितलं असतं त तू गाडी सोडली असती. तू गाडी सोडली असती त मी सुई सोडली असती. दोगांचा इचार केला, आनि बोलत ऱ्हायले."

मला राग आला. राग कसला, भीतीच ती, पण आमच्या घरात भीती रागाच्या रूपातच बाहेर येते. मी विचारलं, आणि येताना? येताना तू झोपतेस त्याचं काय?

"येताना डोला उगडा ठेवाला होत नाय, बाला," ती म्हणाली. "तवा देवीवर सोडते."

शेजारच्या घरात कोणीतरी सुकट भाजत होतं. मी तिला सांगितलं की उद्यापासून मुलगा गाडी चालवेल आणि मी मागे बसेन. ती नको म्हणाली. मी म्हटलं, तू सुई सोडलीस तर मीही डोळ्याचं ऑपरेशन करणार नाही, बसू दोघं ओटीवर, तू सुजलेली आणि मी आंधळा. ती म्हणाली, लहानपनापासून असाच हट्टी हायेस. मग थोड्या वेळाने विचारलं, सोमवारी किती वाजता येनार तो. मी म्हटलं, नेहमीच्याच वेळेला. तिने मान हलवली.

मी निघायला उठलो आणि खिशातून चावी काढली. बायने चावीकडे बघितलं. गाडी दारात उभी होती आणि करंजाडे तिथून बंदराच्या रस्त्याच्या पार पलीकडे होतं. ती भिंतीला हात धरून उठली, पदर खोचला आणि पायाने चपला शोधू लागली.

"चल, येते मी संगती. सांगत जाते."

मी तिला लगेच नाही म्हणालो नाही. दार उघडून तिला पुढच्या सीटवर बसवावं आणि नेहमीसारखं निघावं, असं मला मनापासून वाटलं. तिने एका पायात चप्पल घातलीही होती. मी तिला हाताला धरून परत खाली बसवलं, चावी तिच्या शेजारी ओटीवर ठेवली आणि मुलाला फोन लावला.

"मला न्यायला ये," मी म्हणालो.

"निघतो," तो म्हणाला. कुठे आहात, हे त्याने विचारलं नाही.